माझ्या नावाची बाटली

"तुमच्या नावाची बाटली आहे ना, मग तुम्ही तीच वापरा."

सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, हे सगळ्यांसमोर म्हणाले. सकाळी साडेदहाला, प्रयोगशाळेतल्या फ्रीजपुढे. आम्ही पाच जण उभे होतो. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती, तळहातात मावेल एवढी. तिच्यावर लाल चिकटपट्टी आणि पट्टीवर काळ्या शाईने माझं नाव. आडनावासकट. बाकी कुणाच्या बाटलीवर नाव नव्हतं, कारण बाकीच्यांना वेगळी बाटलीच नव्हती. त्या सगळ्यांना मिळून एक मोठी होती.

"ही खालच्या कप्प्यात राहील," सर म्हणाले. "मोठ्या बाटलीला तुम्ही हात लावायचा नाही."

सहा वर्षं मी तिथे काम करत होते. सहा वर्षं सर बाकीच्यांना 'डॉक्टर' म्हणत आणि मला 'अगं'. त्या दिवशी पहिल्यांदा मी 'तुम्ही' झाले. मान मिळायलासुद्धा मुहूर्त लागतो.

जाता जाता ते दारात थांबले. "काही गोष्टी घरातूनच याव्या लागतात. स्वच्छता त्यातली एक."

कुणी हसलं नाही. ती पट्टी सुरेखाताईंनी लिहून चिकटवली होती. सुरेखाताई आमच्या तंत्रज्ञ, पारनेरच्या शेतकरी घरातल्या. सरांनी सांगितलं म्हणून त्यांनी लिहिलं. त्या फरशीकडे बघत होत्या.

मी बाटली घेतली. "बरं," म्हणाले.

आणि अंगावर काटा आला. कारण ते 'बरं' माझं नव्हतं. ते माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं होतं. तसंच, शेवटी खाली उतरणारं. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी अक्का माझ्यापुढे असंच 'बरं' म्हणाली होती, आणि तेव्हा सरांच्या जागी मी होते.

आम्ही काय काम करतो ते आधी सांगते. नाहीतर एका बाटलीवरून एवढं काय, असं वाटेल.

मी विषाणूंवर संशोधन करते. एड्सचा विषाणू ज्या घराण्यातला आहे, त्या घराण्यावर. तो स्वतःच्या प्रती कशा काढतो, हा माझा विषय. हा विषाणू उलटा लिहितो. आपल्या पेशीत घुसतो, स्वतःच्या मजकुराची उलटी नक्कल करतो आणि ती पेशीच्या मूळ दप्तरात चिकटवून टाकतो. मग पेशी ती आपलीच समजून त्याच्या प्रती काढत बसते. सुरेखाताईंना मी एकदा समजावलं होतं. समजा कुणी गुपचूप तुमच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवलं, तर पुढे तलाठीच स्वतःचा शिक्का मारून त्या नावाचे उतारे देत राहणार. त्या लगेच म्हणाल्या, "आता कळलं. आमच्या चुलत्यानं हेच केलंय." आमच्या घरात सातबारा कधी नव्हता, पण समजावणं बरोबर बसलं.

गोळ्या नवीन प्रती थांबवतात. चिकटलेलं मात्र पुसत नाहीत. ते आत गप्प बसून राहतं.

रक्ताच्या नमुन्यात विषाणूची ताजी नक्कल आहे का, हे यंत्र शोधतं. असली तर पडद्यावर रेघ वर चढते, नसली तर सपाट राहते. दर खेपेला नमुन्यांच्या नळ्यांबरोबर एक नळी अशी लावायची की जिच्यात रक्त नाही, काही नाही, नुसतं पाणी. त्या नळीची रेघ सपाटच राहिली पाहिजे. ती चढली तर पाण्यात बाहेरून काहीतरी आलंय, आणि मग त्या खेपेचा एकही निकाल धरता येत नाही.

आमच्याकडे पाण्याची रेघ चढली. पहिल्यांदा माझ्या खेपेत दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांच्या खेपेत दिसली, पण तोवर नाव माझं झालं होतं. पाणी कुणी बाटवलं, या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर फार पटकन मिळतं.

सहा वर्षांपूर्वी मी तिथे रुजू झाले, तेव्हा सरांनी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मी भिंगार सांगितलं. "म्हणजे मूळचे नक्की कुठले?" मी म्हणाले, बौद्ध आहोत. "छान छान," म्हणाले आणि पुढच्या कागदाकडे वळले. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. मला वाटलं, शिकलेली माणसं आहेत. मी मूर्ख होते असं नाही. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

भिंगारला आम्हाला डेपोच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. वडील लष्कराच्या डेपोत मजूर. मोरीत नळ होता, आणि त्या नळाचं आईला फार कौतुक. ती पारनेर तालुक्यातली. लहानपणी तिने विहिरीवर पाणी मागून प्यायलं होतं. वरून कुणीतरी ओतायचं, खाली हिने ओंजळ धरायची. आजोबांनी धर्म बदलला, गावकीची कामं सोडली, पण विहिरीने काही धर्म बदलला नव्हता. म्हणून आमच्याकडे कुणीही आलं की आई आधी पाणी द्यायची. पोस्टमन असो, भंगारवाला असो. तांब्या आणि पेला पुढे ठेवायची आणि सांगायची, "पेल्यानं प्या."

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. नाव मंगल. चौथी शिकली, मग शाळा सोडून तिने मला सांभाळलं, कारण आई कामाला जायची. अठराव्या वर्षी तिचं लग्न पुणतांब्याजवळच्या एका ट्रक ड्रायव्हरशी झालं. वडिलांनी भिंगारच्या बाजारातून स्टीलचे सहा पेले घेतले आणि दुकानातच बसून नावं घालून घेतली. 'सौ. मंगल हिस सप्रेम भेट. आई-वडील.' सहाही पेल्यांवर. दुकानदार म्हणाला, तांब्यावर घाला, पेल्यावर कोण एवढं घालतं? वडील म्हणाले, "घाला. माझी पोर हाय."

चार वर्षांनी नवरा गेला. अंगाचं पार चिपाड झालं होतं म्हणे. तीन महिन्यांनी दीर टेम्पोतून अक्काला घेऊन आला. एक ट्रंक उतरवली आणि एक पोतं. पोत्यात भांडी होती. लग्नात दिलेली सगळी. हंडा, कळशी, ताटं, ते सहा पेले. एक चमचासुद्धा ठेवून घेतला नव्हता.

आई पोत्याकडे बघत उभी राहिली. "भांडी बी धाडली?"

"तुमची तुमाला," दीर म्हणाला. पाणी न पिता निघून गेला.

कुठलं सासर भांडी परत पाठवतं? माणूस पाठवतील, भांडी नाही पाठवत. त्या पोत्यामुळेच चाळीला कळलं की काहीतरी वेगळं आहे. डॉक्टरांनी सांगण्याआधी भांड्यांनी सांगितलं.

सरकारी दवाखान्यात मी अक्काबरोबर जायचे. मी दहावीला होते. तिथल्या भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. रांगेत उभं राहून मी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला. एकत्र जेवल्याने हा रोग होत नाही. एका पेल्याने पाणी प्यायल्याने होत नाही. हात हातात घेतल्याने होत नाही. अक्का म्हणाली, "परत वाच." मी परत वाचला. तिने माझा हात धरला होता.

हे मी मुद्दाम सांगतेय. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्यानंतर आठवडाभरात शेजारची माझी मैत्रीण अभ्यासाला यायची बंद झाली. विचारलं तर म्हणाली, "आई म्हनली, त्यांच्याकडं पानी पिऊ नको." शाळेत डब्याच्या वेळी माझ्या बाजूची जागा रिकामी राहू लागली. मी घरी आले. अक्का फळीवरचा पेला घेऊन पाणी पीत होती. माझा पेला. म्हणजे माझा असा काही नव्हता, घरातले पेले घराचे. मी दप्तर टाकलं आणि म्हणाले,

"तुझ्या नावाचे पेले आहेत ना अक्का, मग तू तेच वापर."

मी ओरडले नाही. अगदी गोड आवाजात म्हणाले. तुझा मान आहे, तुझ्या नावाचं आहे, असा सूर लावला.

अक्काने माझ्याकडे बघितलं. पेला विसळला, पालथा घातला. "बरं," म्हणाली.

मला भीती वाटत होती, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. भीती नव्हती. तक्ता मी वाचला होता. ती लाज होती. मला पुन्हा कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं, आणि त्यासाठी मी घरातलं एक माणूस बाजूला काढून ठेवलं.

अक्काने तिच्या नावाचे पेलेही घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती मोरीत वाकायची, नळ सोडायची आणि ओंजळीने पाणी प्यायची. मनगटं एवढीशी झालेली. पाणी कोपरांवरून खाली गळायचं, पदर भिजायचा. आमच्या घरात. आमच्या नळाला. ज्या नळासाठी आईने पारनेर सोडलं, त्या नळाखाली तिची पोर ओंजळ धरून उभी.

आईने एकदा बघितलं. "पेला घे की गं."

"असंच बरं वाटतंय. थंड लागतं."

"कुणी काय म्हनलं का तुला?"

मी दारात उभी होते. अक्काने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कुणी न्हाई," म्हणाली.

अकरा महिन्यांनी अक्का गेली. फुकट गोळ्या तेव्हा मिळत नव्हत्या. शेवटपर्यंत तिने माझं नाव सांगितलं नाही. पेले माळ्यावर गेले. मी बारावीला विज्ञान घेतलं, नगरला कॉलेज केलं, पुण्यात पीएच.डी. केली. मुलाखतीत विचारलं, हाच विषय का? मी म्हणाले, आवड आहे. खरं काय सांगणार होते? मला त्या विषाणूचा प्रत्येक तुकडा सुटा करून बघायचा होता. तो पेशीत कुठून शिरतो, कशाने लिहितो, कुठे चिकटतो. चौदा वर्षं बघतेय. पेल्याच्या काठावर तो सापडत नाही. कधीच सापडणार नव्हता.

प्रयोगशाळेत हात धुवायला नळ सोडला की मला आजही मागे कुणीतरी वाकून उभं असल्यासारखं वाटतं. मी वळून बघत नाही. कोपरावरून गळणारं पाणी फरशीवर पडतं, त्याचा एक आवाज असतो. तो ऐकू येतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शास्त्रज्ञ बाईने असलं बोलायचं नसतं.

गेल्या वर्षी आम्ही चाळीस जणांचं रक्त घेतलं. नियमित गोळ्या खाणारी माणसं. गोळ्या चालू असताना आत नवीन प्रती निघतात का, हा आमचा प्रश्न होता. त्यात पुणतांब्याकडची एक बाई होती. पन्नाशीची, शेतात मजुरी करणारी. सुई काढल्यावर तिने पाणी मागितलं. मी पाण्याचा पेला घेऊन गेले तर तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. सवयीने.

"पेल्यानं प्या," मी म्हणाले.

"नको मॅडम. तुमाला परत वापरायचा असंल."

"प्या."

ती प्यायली. पदराने पेल्याचा काठ पुसून परत दिला.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली, मलाच शोधत. डोळे रडून सुजलेले. तिच्या नमुन्याची रेघ चढली होती. संशोधनातला निकाल असा बाहेर सांगायचा नसतो, पण सर फोनवर बोलता बोलता तिच्या दवाखान्यात बोलून गेले होते. तिथल्या बाईंनी तिला सगळ्यांपुढे झापलं, की तू गोळ्या चुकवतेस आणि वर खोटं बोलतेस.

"एक बी गोळी चुकवली न्हाई," ती मला म्हणाली. "पोराच्या लग्नात मांडवातनं उठून खाल्ली. तुमी सांगा त्यांना."

रेघ चढली होती. मी म्हणाले, बघते. नंतर थोड्याच दिवसांत पाण्याचीही रेघ चढू लागली. पाणी आधीपासूनच खराब असेल तर? जुन्या खेपा काढून बघितल्या. तिच्या खेपेत पाण्याची रेघ अगदी शेवटी, किंचित उचललेली होती. सरांनी ती 'यंत्राचा दोष' म्हणून सोडून दिली होती. मी हे सरांना दाखवायला गेले. त्यानंतर चौथ्या दिवशी फ्रीजमध्ये माझ्या नावाची बाटली आली.

मी ती बाटली वापरू लागले. रोज खालच्या कप्प्यातून काढायची, वाकून. वाकताना दरवेळी मोरी आठवायची. बाकीच्यांना नवीन मोठी बाटली दिली होती, सील फोडून. आता सगळं स्वच्छ होणार, असं सर सगळ्यांना सांगत होते.

आठ दिवसांत त्यांच्या पाण्याची रेघ पुन्हा चढली.

माझी सपाट.

पुढचा आठवडा. त्यांची चढलेली, माझी सपाट. तिसरा आठवडाही तसाच. मी पडद्यापुढे बसले होते आणि मला एकदम हसू फुटलं. ज्या पाण्याला माझ्याशिवाय कुणी शिवलं नव्हतं, तेवढंच पाणी स्वच्छ राहिलं होतं. मला वेगळं काढताना त्यांनी नकळत जगातला सगळ्यात सोपा प्रयोग करून ठेवला होता. फक्त निकाल त्यांना हवा तो आला नाही.

हसू फार टिकलं नाही. मग रडले. बाटली हातात धरून.

सुरेखाताई दार लावून आत आल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, मी बघितलंय. सरांची ती पिपेट. खिशातली."

पिपेट म्हणजे थेंब मोजून घ्यायचं हातातलं साधन. आमच्याकडे खोल्या वेगळ्या असतात. विषाणूच्या नकला भरपूर प्रमाणात बनवतात ती खोली एका टोकाला, स्वच्छ पाणी ठेवतात ती दुसऱ्या टोकाला. तिकडची वस्तू इकडे आणायची नाही, हा पहिल्या दिवसाचा नियम. कोटसुद्धा बदलायचा. पण सरांची एक जुनी पिपेट होती, त्यांच्या गुरूंनी दिलेली. ती त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात असायची, जसं काही लोक पेन लावतात. पाहुणे आले, विद्यार्थी आले की सर त्याच कोटात सगळ्या खोल्यांतून हिंडायचे आणि तीच पिपेट मोठ्या बाटलीत बुडवून दाखवायचे. त्यांना कोण सांगणार? नियम त्यांनीच केले होते.

"आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"माझं नाव नका घेऊ मॅडम. दोन पोरी हायेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ती पट्टी मी लिवली ना, त्या दिवसापास्नं जेवन गोड लागंना."

मला त्यांचा राग आला. मग राग गिळला. मीही एकदा दारात उभी राहून गप्प बसले होते.

चहाच्या वेळी सरांचा कोट खुर्चीवर होता. खिशातल्या पिपेटचं टोक मी ओल्या बोळ्याने पुसलं आणि तो बोळा माझ्या बाटलीतून वेगळ्या नळीत घेतलेल्या पाण्यात बुडवला. खेपेत बारा नळ्या लावल्या, नावं नाहीत, नुसते आकडे. पिपेटच्या नळीची रेघ सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत उंच चढली. मी तेच पुन्हा दोनदा केलं. तेच आलं. मग वहीत सगळं लिहिलं. कुठली बाटली, कुणी वापरली, कुठली रेघ. तारीख टाकली, सही केली.

सरांनी मला खोलीत बोलावलं. वही त्यांच्यापुढे उघडी होती.

"अगं, बस."

मी उभी राहिले.

"हे काय लिहिलंयस?"

"जे झालं ते, सर."

त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. चेहरा थकलेला दिसत होता. मला क्षणभर त्यांची कीव आली, हे खोटं सांगत नाही. मग ते म्हणाले, "शोधनिबंध छापायला गेलाय. चाळीस नमुने, दोन वर्षांचं काम. तुझंही नाव आहे त्यात. इथे लिही, कारण सापडलं नाही. हे पान काढून टाक." मग खिडकीकडे बघत, "पुढच्या महिन्यात कायम जागेची मुलाखत आहे ना तुझी?"

सहा वर्षं मी त्या मुलाखतीची वाट बघत होते. वडील गेले ते हेच विचारत गेले, कायम झालीस का गं. मला ती जागा हवी होती. फार हवी होती.

"त्या पुणतांब्याच्या बाईंचं काय?" मी विचारलं.

"कोण बाई?"

त्या दोन शब्दांनी माझं काम सोपं केलं.

"सर, वहीतलं पान फाडायचं नसतं. चुकलं तर एकच रेघ मारायची, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. हे तुम्हीच शिकवलंत."

"मी तुला शिकवलं म्हणून तू इथे आहेस."

"हो. आणि बाटलीवर माझं नाव तुम्ही घातलंत. त्या बाटलीचा निकाल माझ्या नावानेच राहील. पान राहील. निबंधातून माझं नाव काढा."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?" पुन्हा तुम्ही.

"कळतंय."

वही मी उचलून घेतली. तिच्या पानांच्या प्रती काढून संस्थेच्या कार्यालयात दिल्या आणि पोच घेतली.

मुलाखतीच्या यादीत माझं नाव आलं नाही. त्याऐवजी चौकशी समितीचं पत्र आलं. समितीतल्या एक मॅडम फोनवर समजुतीने बोलल्या. फक्त तांत्रिक बाजू मांडा, बाटलीचा, आडनावाचा विषय काढू नका, त्याने तुमचीच बाजू कमजोर होईल. मी म्हणाले, बघते. फोन ठेवला आणि मला कळलं की मला नेमकी कशाची भीती वाटतेय. सरांची नाही. मी तिथे उभी राहून सांगणार की एका माणसाला नाव घातलेलं भांडं देऊन बाजूला काढणं म्हणजे काय. आणि ते सांगणारी कोण? मी. एवढी वर्षं आईपासूनसुद्धा लपवून बसलेली.

रविवारी दुपारी मी आईला सांगितलं. भिंगारच्या घरी ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तक्ता, मैत्रीण, पेला, काय म्हणाले ते शब्द, कुठल्या आवाजात म्हणाले ते. 'कुणी न्हाई' म्हणाली तेव्हा मी दारात होते, हेही.

आईचे हात थांबले. तिने मला जवळ घेतलं नाही. लहान होतीस, असं म्हणाली नाही. मला ते ऐकायचं होतं, हे मी कबूल करते. तिने मोरीकडे बघितलं.

"एवढी वर्सं मी त्या भिंगारच्या बायांना शिव्या दिल्या," ती म्हणाली. "पारनेरच्या विहिरीला दिल्या."

मग उठली. स्टुलावर चढून माळ्यावरचं गाठोडं काढलं. पेले बाहेर काढले. सहाही. राखेने घासले, नळाखाली धुतले, आणि एक भरून माझ्यापुढे ठेवला. बोटांना अक्काचं नाव लागत होतं.

"पी."

मी प्यायले. सगळं प्यायले.

"मला सांगितलंस," आई म्हणाली. "आता तिथं बी सांग. तुझं बी सांग. त्याचं एकट्याचं सांगशील तर माझ्या दारात येऊ नको."

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते, बोलत नाही. मी तिला दोष देत नाही.

उद्या अकरा वाजता समितीपुढे जायचंय. वही घेतली आहे. लाल पट्टी लावलेली ती बाटली घेतली आहे, पट्टी काढलेली नाही. पिशवीत एक पेलाही ठेवलाय. 'सौ. मंगल हिस सप्रेम भेट.' त्यांना तांत्रिक बाजू हवी आहे, ती मिळेल, रेघेसकट. मग मी बाटली टेबलावर ठेवणार आणि तिच्याशेजारी पेला ठेवणार. आधी पेल्याचं सांगणार. कुणी म्हणालं विषय सोडून बोलू नका, तर पुन्हा पहिल्यापासून सांगणार.

अक्का आहेच. आताही इथे भिंगारला मोरीत नळ चालू आहे आणि आई तिथे नाही. उद्या मी माझं नाव आधी घेणार. अक्काने जे नाव सांगितलं नाही, ते. मग सरांचं. आणि चाळीस जणांचं रक्त पुन्हा घेतलं जाईपर्यंत, त्या बाईला दवाखान्यात सगळ्यांपुढे, जसं झापलं तसंच सगळ्यांपुढे, तू खोटं बोलली नव्हतीस असं सांगितलं जाईपर्यंत, मी तिथून उठणार नाही.